राजमा, वाल, बांगड्या: ऋण गुणिले ऋण कुठवर आलं

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीतली सहावी-सातवीची पोरं बेरीज-वजाबाकीत रुळली, म्हणून पावसाळ्यात पूर्णांकांचा गुणाकार काढला. साहित्य घरातलंच. वाल म्हणजे धन एक, राजमा म्हणजे ऋण एक. पांढरे वाटाणे वापरून पाहिले, पण ते ताटात गडगडतात; वाल चपटा, जागचा हलत नाही. एक वाल आणि एक राजमा समोरासमोर आले की शून्य, ती जोडी उचलायची. (चीनमध्ये जुन्या काळी मोजणीच्या काड्यांत लाल म्हणजे धन आणि काळी म्हणजे ऋण असायची. आपल्याकडे तोटा लाल शाईत, म्हणून राजम्याला ऋण केलं. पोरांनी एका शब्दाने विचारलं नाही.)

यावेळची भर म्हणजे बांगड्या. गट दिसायला हवा ना! ताटात बांगडी ठेवायची आणि तिच्या आत दाणे. ३ × (−२) म्हणजे तीन बांगड्या, प्रत्येकीत दोन राजमे. बांगड्या उचलल्या की ताटात सहा राजमे, उत्तर −६. इथपर्यंत कुणालाच अडचण येत नाही.

खरी गोम पुढे आहे. पहिली संख्या ही वस्तू नाही, कृती आहे, हे आधी पक्कं करून घ्या. धन असेल तर तितके गट ताटात घालायचे, ऋण असेल तर तितके काढायचे. दुसरी संख्या म्हणजे गटात काय आहे ते. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण, म्हणजे संपत्ती आणि कर्ज, असे नियम मांडले आणि दोन ऋणांचा गुणाकार धन होतो हेही सांगितलं. पण मुलांना नुसतं ‘कर्ज गुणिले कर्ज’ सांगून काही कळत नाही. कर्जाला कर्जाने कोण गुणतो? दोन-दोन रुपयांची तीन कर्जं माफ झाली, तर माणूस सहा रुपयांनी वर येतो, हे मात्र लगेच पटतं. यात तीन हे कर्ज नव्हे, माफी आहे.

तर (−३) × (−२). ताट रिकामं, काढणार काय? म्हणून आधी सहा वाल आणि सहा राजमे घातले. ताटाची किंमत अजून शून्यच. तीन बांगड्यांत दोन-दोन राजमे घेतले आणि बांगडीसकट उचलून डब्यात टाकले. ताटात सहा वाल उरले. सातवीतल्या एकीने लगेच पकडलं: “काका, सहाच जोड्या का घातल्या? उत्तर माहीत होतं म्हणून!” रास्त शंका. तिलाच दहा जोड्या घालायला लावल्या. सहा राजमे काढल्यावर दहा वाल आणि चार राजमे राहिले. चार जोड्या गेल्या, पुन्हा सहा वाल. मग तिने पंधराही घालून पाहिल्या. माझ्या मते हा प्रश्न सगळ्या मुलांना पडू द्यावा, आपण होऊन सांगू नये.

(−२) × ३ सुद्धा करून घ्याच. इथे तीन-तीन वालांचे दोन गट काढायचे, उरतात सहा राजमे. ३ × (−२) मध्ये राजमे घातले होते, इथे वाल काढले, तरी ताटात तेच. क्रम बदलला तरी गुणाकार तोच राहतो, हे इथे गृहीत धरून चालत नाही, हाताने करून दिसावं लागतं.

दुसरी मांडणी खास नाशिककरांसाठी. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की पाणी किती चढलं हे आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतो: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. शिंप्याची टेप खिडकीच्या गजाला उभी बांधली, मध्यावर लाल दोरा. तो शून्य, म्हणजे मारुतीची कंबर. कपड्यांचा चिमटा म्हणजे पाणी. आत्ता पाणी कमरेला आहे, ताशी दोन खुणांनी ओसरतंय. तीन तासांनी? सहा खुणा खाली. तीन तासांपूर्वी? “वरच असणार ना, ओसरतंय तर!” म्हणत एकाने चिमटा सहा खुणा वर नेऊन लावला. तीन तासांपूर्वी म्हणजे −३, ओसरणं म्हणजे −२. नियम कुणी उच्चारलासुद्धा नाही.

टेपवर उत्तर चटकन पटतं, तरी सुरुवात मी ताटापासूनच करतो, कारण तिथे ‘काढणं’ बोटांनी होतं. मोठ्या संख्यांना मात्र ताट निरुपयोगी. (−१२) × (−१५) ला १८० राजमे कोण मोजत बसणार? तिथे टेपही अपुरी पडते, मग सरळ पाढा म्हणायचा आणि चिन्ह वेगळं ठरवायचं.

सध्या भागाकार चालू आहे. (−६) ÷ (−२) सोपा: सहा राजम्यांतून दोनाच्या किती बांगड्या भरतात? तीन. (−६) ÷ २ म्हणजे दोघांत वाटणी. ६ ÷ (−२) ला अडलो होतो. आता असं विचारतो: रिकाम्या ताटाचे सहा वाल करायला दोन-दोन राजम्यांचे किती गट काढावे लागतील? तीन, आणि काढले म्हणून −३. चालतं, पण सहावीच्या पोरांना जड जातं. कुणाकडे याहून सोपी मांडणी असेल तर सांगा, पुढच्या रविवारी करून बघतो.