‘लाल मुंग्या’ म्हणून आलेला नमुना

कीड ओळखण्यासाठी माझ्याकडे आलेल्या नमुन्याच्या कुपीवर ‘लाल मुंग्या’ लिहिलेलं होतं. सोबत घरच्यांची चिठ्ठी: रात्री झोपेत चावतात, अंगावर गांधी उठतात, फवारणी झाली, मुंग्यांचं जेलही लावून झालं, फरक शून्य.

अल्कोहोलमध्ये तीन-चार मिलिमीटरचे तपकिरी, बिनपंखी कीटक. नुसत्या डोळ्यांना मुंगीच. सूक्ष्मदर्शकाखाली मी आधी कंबर बघते. मुंगीच्या कंबरेवर एक किंवा दोन गाठी असतात. बाजूने पाहिलं की बहुतेकींचा उंचवटा स्पष्ट कळतो. इथे कंबर बारीक होती, पण गाठ नव्हती. डोकं लांबट, चपटं, तोंड पुढे काढलेलं. तरी एवढ्यावर मी सही करत नाही. मिशी आडवी धरून खंड मोजले. टोकाचे खंड मोडलेले असू शकतात, म्हणून कुपीतल्या प्रत्येकीचे मोजले. 13. कामकरी मुंगीला 12 पेक्षा जास्त नसतात. म्हणजे ही मुंगी नव्हे, बिनपंखी गांधीलमाशी.

बिनपंखी गांधीलमाशा अनेक कुळांत आहेत. म्यूटिलिडीच्या माद्या मखमली लव आणि भडक रंगांमुळे लगेच ओळखू येतात. ड्रायनिडीच्या बहुतेक माद्यांच्या पुढच्या पायांना तुडतुडे पकडायचे चिमटे असतात. बेथिलिडी अशी ढळढळीत खूण दाखवत नाहीत. माझ्यासमोर होती ती त्याच कुळातली स्क्लेरोडर्मस. हिची मादी लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या बोगद्यात शिरते, अळीला डंख मारून बधिर करते, तिच्या अंगावर अंडी घालते आणि पिल्लं वाढेपर्यंत बहुधा तिथेच राखण करते. माणसाशी तिला काही देणंघेणं नसतं. कपड्यात किंवा अंगाखाली दाबली गेली की डंख मारते.

जेलचा उपयोग का झाला नाही, तेही यातच आलं. कामकरी मुंगी ते आमिष वारुळात नेऊन भरवते. हिला वारूळच नसतं.

घरी फोन केला. ‘पलंगाखाली पिठासारखा भुसा पडतो का?’ बाई म्हणाल्या, ‘रोज पडतो की! मी झाडून टाकते.’ फवारणीवाल्यांनी त्याच पलंगाखाली पंप मारला होता आणि त्यांच्यापैकी एकालाही भुशाबद्दल विचारावंसं वाटलं नाही, याचा मला खरंच राग आला. मोबाइलवरच्या धूसर फोटोवरून कीड ठरवणारे आमच्या क्षेत्रात फार झालेत. आमचा फॉर्मही त्यांना साजेसाच. मुंगी, वाळवी, झुरळ, ढेकूण. ‘इतर’ला रकानाच नाही. मी समासात हाताने लिहिलं.

अहवालात एक ओळ मुद्दाम जाड अक्षरात घातली: या डंखाने क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते, धाप लागली, ओठ सुजले तर ताबडतोब दवाखाना गाठा आणि हा कागद दाखवा. दवाखान्यात आधी ‘ढेकूण’ असं लिहून दिलेलं होतं.

लाकडाचा पोखरलेला तुकडा मी मागवला होता. तो निघण्याआधीच त्यांनी पलंग जाळला. इतक्या रात्री जागून काढलेल्या माणसांना मी काय बोलणार? पण आत अळी कोणत्या भुंगेऱ्याची होती, हे आता कळणार नाही. काही भुंगेरे ओल्या लाकडातच अंडी घालतात, काही वाळलेल्या फर्निचरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहतात. यातल्या दुसऱ्या प्रकारचे असतील, तर शेजारचं कपाटही तपासायला हवं. तसं मी त्यांना कळवलंय. उत्तर अजून नाही.