शाफ्ट झिजला, बुश शाबूत: वाफेच्या इंजिनाची सातवी नोंद

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) बुशमध्ये (तो ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीत) लोण्यासारखा फिरतोय. तो शाफ्ट मी काल काढून ठेवला. आता तो पुन्हा बसणार नाही.

इंजिनाला वाफ देण्याआधी छोट्या मोटरवर पट्टा लावून मिनिटाला ४०० फेऱ्यांनी रोज दोनेक तास चालवत होतो. बावीस तासांनंतर खडखड ऐकू यायला लागली. माझी खात्री होती की पितळी बुशच खाल्ला गेला असणार. मऊ तोच आहे. पण सुरुवातीला ज्या पिनने बोअर तपासला होता, ती पिन आजही तशीच नेमकी बसते. मायक्रोमीटर शाफ्टवर लावला तर ७.९६ मि.मी. बसवला तेव्हा बरोबर ८.०० होता. बरं, झीज एका बाजूला नाही, सगळीकडून सारखी.

तेल राखाडी-काळं झालं होतं. ते रॉकेलमध्ये धुऊन पांढऱ्या बशीत ओतलं आणि बशीखाली चुंबक फिरवला. काळे बारीक केस उभे राहिले आणि चुंबकामागून सरकत गेले. म्हणजे ते लोखंडच. पितळ चुंबकाला दाद देत नाही. ज्यांच्याकडे मायक्रोमीटर नाही त्यांनी ही बशी जरूर करून पाहावी, कोण झिजतंय ते पाच मिनिटांत कळतं.

८ मि.मी. शाफ्टचा घेर साधारण २५ मि.मी. ४०० फेऱ्यांनी तासाला ६०० मीटर घसरण, म्हणजे बावीस तासांत तेरा किलोमीटरच्या वर. आर्चर्डने १९५३ मध्ये मांडलेला नियम सांगतो की झीज भाराबरोबर आणि घसरलेल्या अंतराबरोबर वाढते, आणि पृष्ठभाग जितका कठीण तितकी कमी होते. त्या हिशेबाने पितळाने आधी हार मानायला हवी होती.

वडोदऱ्यातल्या आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात खाली एक काका राहतात. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत तीस वर्षं लेथवर काढलेली. शाफ्ट हातात घेऊन नख फिरवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बुश बसवताना पेस्ट लावली होतीस का रे?"

लावली होती. शाफ्ट जरा घट्ट होता म्हणून व्हॉल्व्ह घासायची कार्बोरंडम पेस्ट घालून दोन्ही एकमेकांत फिरवले, मग रॉकेलने धुतलं.

"मग ती धुऊन निघत नाही. बुशाला पेस्ट खायला घातलीस, आता तो शाफ्ट खाणार."

उत्तरायणात आपण सगळे मांजा हाताळतो. सुती दोरा बोटाला काही करत नाही. त्यालाच काचेची पूड चिकटली की बोट कापतो. इथे तेच झालं. कार्बोरंडमचे कण पितळात अर्धे रुतून बसले, अर्धे बाहेर राहिले. कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, कठीणपणाच्या विकर्स मापावर सुमारे २५००; माझ्या शाफ्टचं माइल्ड स्टील १५० च्या आसपास. मऊ धातूने नुसते कण धरून ठेवले आणि त्यांच्याखाली स्वतः वाचला. शाफ्ट फिरता असल्याने त्याची प्रत्येक बाजू त्या कणांखालून गेली, म्हणून झीज सारखी. व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूचं बेअरिंग मुद्दाम याहून खूप मऊ ठेवतात, म्हणजे तेलातून आलेला एखादा कण त्यात पूर्ण बुडून जातो, वर डोकं काढत नाही. पितळ तेवढं मऊ नाही.

नवा बुश गनमेटलचा केला: तांबं ८८ टक्के, कथील १०, जस्त २. ओतीव गनमेटलमध्ये मऊ धातूत कठीण दाणे विखुरलेले असतात. भार दाणे घेतात, मधल्या किंचित खोलगट जागांत तेल थांबतं. पितळाचा कीस सुईसारखा तुटून उडायचा, हा जरा लालसर आणि हाताला वेगळाच लागतो. आधी ड्रिल, मग बोअरिंग टूल, शेवटी भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर. पेस्ट अजिबात नाही. शाफ्ट यावेळी ग्राइंड केलेल्या सिल्व्हर स्टीलचा (चांदी नव्हे, जास्त कार्बनचं पोलाद) घेतला. तापवून पाणी द्यायचा, म्हणजे कठीण करायचा मोह होता, पण एवढी लांब सळई हमखास वाकते, म्हणून तसाच ठेवला. मि.मी.च्या दोन शतांशाची फट ठेवली. तेलाचं भोक भार पडतो त्याच्या विरुद्ध बाजूला पाडलं, आधी ते चुकीच्या बाजूला होतं.

पहिल्या दोन तासांचं तेल फेकून दिलं, ते ठेवू नका. त्यानंतरचे चार तास चालवून पुन्हा बशी केली. चुंबक फिरवला, काही हललं नाही. शाफ्ट ८.००.

कनेक्टिंग रॉडचा (पिस्टनचा जोर क्रँकशाफ्टला देणाऱ्या दांड्याचा) मोठा बुशही मी त्याच पेस्टने बसवला होता. तो उद्या काढतोय.