आमची वाटचाल: दुष्काळ तोंडावर नको

लातुरात आमचा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, बारसं, डोहाळजेवण. दुकानाचं भाडं आजही यावरच निघतं. ओळख मात्र झाली ती वेगळ्याच फोटोंनी. आजीच्या पदरातून उगवलेली ज्वारी. विहिरीच्या पाण्यावर खुर्ची टाकून बसलेले आजोबा. केसांच्या जागी लिंबाचा डहाळा असलेली नवरी.

२०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. मागोमाग बाहेरचे कॅमेरे आले आणि भेगाळलेली जमीन टिपून गेले. मग कल्पक फोटो म्हणजे म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर भेगा चढवायच्या, असं ठरूनच गेलं. औशाकडचा एक मुलगा मोबाईलवर तसलाच नमुना घेऊन आला, "अण्णांचा असा करा." अण्णा शेजारीच उभे. म्हणाले, "दुष्काळ काय तोंडावर छापून घ्यायचा व्हय? बांधावरचा आंबा घे की माझा!" आंबा घेतला. आमचं खरं काम तिथून सुरू झालं.

युक्ती जुनीच आहे, रिळाच्या काळातली. एकाच फ्रेमवर दोनदा उजेड घ्यायचा. आधी माणूस मोकळ्या आभाळासमोर उभा करून त्याची काळी आकृती टिपायची. आभाळ पांढरंफटक होतं, तिथे पुढचं काही उमटत नाही. नंतर झाड घेतलं की ते माणसाच्या आकारातच भरतं. फोटोशॉपमध्ये हे बसल्या जागी होतं, आम्हीही वापरतो. पण नेटवरचं झाड चिकटवलं की ऊन एकीकडे, सावली भलतीकडे. शिवाय झाड परकं, आणि ते घरची म्हातारी सगळ्यांत आधी ओळखते. म्हणून माणूस आणि झाड एकाच उन्हात टिपतो.

सगळ्यात जास्त बुकिंग येळवशीचं, म्हणजे वेळा अमावस्येचं, आमच्याकडचा शेतात पूजा करायचा सण. त्या दिवशी शहर ओस, गणगोत शेतात. कडब्याच्या कोपीत पूजा, भज्जी, आंबील, भोवती हिरवीगार ज्वारी. जेवून माणसं सैल बसली की पोझ विसरतात. (आंबिलीनंतर फोटोग्राफरही जडावतो, म्हणून दोघं जातो.)

हल्ली पुण्यात स्थायिक झालेली पोरं विचारतात, वावर विकलं, पण बांधावरची बाभूळ फोटोत मिळेल का? नव्या मालकाला विचारून जातो. बहुतेक हो म्हणतात. एकाने तर त्याच बाभळीसोबत स्वतःचाही काढून घेतला, आणि पैसे रोख दिले.