दिलं एकाला

३ फेब्रुवारी २०२०, सोमवार. रात्रीचे पावणेबारा.

लेक चिडून झोपली, नवरा हसत झोपला, आणि मी टीव्हीचा आवाज बंद करून बसलेय. पडद्यावर आयोवाचा नकाशा आहे, नव्याण्णव काउंट्या म्हणजे जिल्हे, आणि त्याखाली मघापासून तेच शून्य. साऱ्या देशाचे कॅमेरे आमच्या मक्याच्या राज्यात येऊन बसलेत आणि निकालच नाही. काल सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, शेजारच्या कॅन्सस सिटीने जिंकला, तेव्हा निदान शिट्टी वाजल्यावर कळलं तरी होतं कोण जिंकलं ते.

आज मी पहिल्यांदा कॉकसला, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या सभेला, जाऊन आले. डि मॉइनला येऊन बारा वर्षं झाली. आम्ही आलो ते २००७च्या उन्हाळ्यात. तेव्हा ओबामांच्या प्रचाराची पोरं दार वाजवायची, घामाघूम झालेली, हातात पत्रकं. मी दारातच सांगायचे की मी नागरिक नाही, आणि मग उगाच अपराधी वाटून पाणी द्यायचे. दर चार वर्षांनी हेच. गेल्या वर्षी शपथ घेतली, कागद हातात आला, आणि यंदा दार वाजलं तेव्हा पहिल्यांदाच कुणाला तरी माझ्याशी खरोखर बोलायचं होतं.

उमेदवारांपैकी माझ्या मनात एलिझाबेथ वॉरनबाई होत्या. वर्षभर विचार करून ठरवलेलं. बाई हिशेब मांडून बोलते, आणि मी विमा कंपनीत हिशेबातच आयुष्य घालवलंय. कमला हॅरिसबाई डिसेंबरातच बाहेर पडल्या, नाहीतर मंदिरातल्या बायकांत ‘आपल्यातली’ म्हणून त्यांच्यासाठी बराच आग्रह चालला असता. लेक बर्नी सँडर्सवाली. ती सतरा वर्षांची आहे, पण ३ नोव्हेंबरच्या, म्हणजे निवडणुकीच्या, आत अठराची होते म्हणून आज तिलाही उभं राहता आलं. दारातच अर्ज भरून तिने नाव नोंदवलं. नवऱ्याकडे अजून ग्रीन कार्डच, तो प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर.

सातच्या आत रांगेत असावं लागतं, म्हणून आम्ही सव्वासहालाच शाळेच्या जिममध्ये. बास्केटबॉलचं कोर्ट, भिंतीला उमेदवारांच्या नावांचे फलक चिकटवलेले, प्रत्येक फलकाखाली खुर्च्या. रबराचा आणि ओल्या बुटांचा वास. ज्याचा उमेदवार त्याच्या फलकाखाली जाऊन उभं राहायचं आणि मग माणसं मोजायची. डेमोक्रॅट लोकांचं मतदान इथं असंच. ऑफिसातला एक रिपब्लिकन मित्र म्हणाला होता, ‘आमच्याकडे निदान चिठ्ठी असते.’ तेव्हा मला त्या ‘निदान’चा अर्थ कळला नव्हता.

दारातच समोरच्या घरातल्या आजी भेटल्या. मी त्यांना मनात आजीच म्हणते. तोंडावर अर्थात नावाने. निवृत्त पियानो शिक्षिका. सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही तिघं रातोरात निघालो, तर या सत्तरीच्या बाईने तीन आठवडे आमच्या दारातला बर्फ उपसला. आमच्या घराची किल्ली असते त्यांच्याकडे. दिवाळीला चकल्या जातात, जूनमध्ये तिकडून रुबार्बचा ‘पाय’ (भाजलेला गोड पदार्थ) येतो. त्यांच्या कोटावर एमी क्लोबुशारचा हिरवा बिल्ला. मला बघून चेहरा असा फुलला त्यांचा! हाताला धरलं आणि म्हणाल्या, ‘ये, ये, तुझी जागा धरून ठेवलीय.’

आणि मी गेले.

गेले म्हणजे काय, चालत गेले, क्लोबुशारच्या फलकाखाली खुर्चीवर बसले, पर्स मांडीवर ठेवली. वॉरनचा फलक समोरच्या भिंतीवर, मधे अख्खं कोर्ट. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. वर्षभराचा विचार एका हाताच्या पकडीत गेला. मी स्वतःला समजावलं की ही बाईही काही वाईट नाही, शेजारच्या मिनेसोटाची आहे, सिनेटमध्ये कामं केलीत. पण ते समजावणंच होतं.

सुरुवातीला अध्यक्ष निवडायचा होता. जो आधीपासून माइक धरून उभा होता त्याचंच नाव पुढे आलं, ‘अनुकूल असणाऱ्यांनी हो म्हणा’, सगळे ‘आय’ म्हणाले, झालं. मला हसू फुटलं. लहानपणी बाबांबरोबर साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला जायचे मी, मांडवात, उसाच्या ट्रॉलीतून आलेल्या माणसांत. तिथे ‘अहवाल वाचला असे समजण्यात यावे’ म्हटलं की मागून ‘मंजूर, मंजूर!’ अशी गर्जना व्हायची आणि कोट्यवधींचा ताळेबंद तीन मिनिटांत पार. मग पंगत. इथे पंगत नाही, पण देणग्यांसाठी एक पाकीट मात्र हातोहात फिरलं.

मग मोजणी. प्रत्येक गटात माणसं आपापला आकडा ओरडतात. माझा सतरा. मी इतक्या हळू म्हटलं की परत म्हणावं लागलं.

जिममध्ये २१४ माणसं. पंधरा टक्क्यांच्या खाली जो गट तो बाद, म्हणजे टिकायला ३३ हवीत. बूटजेज ५८, वॉरन ४१, सँडर्स ३७, बायडन ३४. आम्ही २९. यँग ११, स्टायर ४. बायडन आठ वर्षं उपराष्ट्राध्यक्ष होते, आणि आमच्या प्रिसिंक्टात, म्हणजे मतदान विभागात, एका डोक्याने वाचले! ज्यांचे गट टिकले त्यांना यंदाच्या नियमाने हलता येत नाही. त्यांनी उमेदवाराचं नाव लिहायच्या कार्डावर सही केली आणि घरी गेले तरी चालतं. आम्हा न टिकलेल्यांना पंधरा मिनिटं. दुसरीकडे जा, किंवा दुसरीकडची माणसं ओढून आणा.

मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. सुटले! आता उठून वॉरनकडे जायला कुणाचीच हरकत नव्हती, नियमानेच दार उघडलेलं. वॉरनच्या गटाची कॅप्टन, विशीतली मुलगी, थेट माझ्याकडे आलीसुद्धा. तिला बहुतेक माझ्या डोळ्यांत दिसलं असावं. सँडर्सची पोरं यँगच्या अकरांना घेरून बसली होती, त्यांत माझी लेक, हातवारे करून कॉलेजच्या कर्जाबद्दल बोलताना. घरी भात लाव म्हटलं तर ऐकू येत नाही हिला.

तेवढ्यात स्टायरचे चौघे आमच्याकडे आले. आजींनीच आणलं त्यांना, काय बोलल्या देव जाणे. २९ आणि ४.

३३.

नेमके ३३. आमच्या कॅप्टनने डोकी मोजली, परत मोजली आणि टाळी वाजवली. म्हणजे आता मी उठले तर ३२, आणि बत्तीस म्हणजे शून्य. वॉरनची मुलगी अजून माझ्या खुर्चीशी वाकून उभी होती. आजींनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते जास्त वाईट. त्यांच्या डोक्यात ही शक्यताच नव्हती. मी त्या मुलीला म्हटलं, ‘सॉरी, मी इथेच.’ कार्डाच्या दुसऱ्या बाजूवरही तेच नाव लिहिलं आणि पुन्हा सही केली. सहीनिशी भीड.

यँगचे सहा जण सँडर्सकडे गेले, तिघं बूटजेजकडे, दोघं कोट घालून घरी. आमच्या प्रिसिंक्टाला आठ प्रतिनिधी; ते पुढे मार्चमध्ये काउंटीच्या अधिवेशनाला जाणार, तिथून निवडत निवडत वर. हिशेब लागला तो असा: बूटजेज ६१ माणसं, प्रतिनिधी दोन. सँडर्स ४३, दोन. वॉरन ४१, तेही दोनच. बायडन आणि आम्ही एकेक. एकसष्टालाही दोन आणि एक्केचाळीसलाही दोन! मी अपूर्णांक परत करून बघितले. बरोबरच होतं. आमच्या ऑफिसात असं कुणी मांडलं असतं तर मी फाइल परत पाठवली असती.

ठराव मांडायची वेळ आली तोवर जिम निम्म्याहून रिकामं. अध्यक्षमहाराज निकाल कळवायच्या नव्या ॲपशी झटापट करत होते. मग फोन लावला. तो लागेना. आम्ही निघालो तेव्हाही ते खुर्चीवर बसून कानाला फोन लावून तेच प्रतीक्षेचं संगीत ऐकत होते. सही केलेली कार्डं मांडीवरच्या पाकिटात होती, एवढं बरं.

गाडीत लेक म्हणाली, ‘आई, तू वॉरनकडे जाणार होतीस ना? रात्री जेवताना सांगितलंस.’ मी म्हटलं, मन बदललं. ‘खोटं नको बोलूस, मला तिकडून दिसत होतीस तू.’ नवरा म्हणाला, मलापण दिसत होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रात्र.

चार वाजता अर्धामुर्धा निकाल लागला, ६२ टक्के प्रिसिंक्टांचा. प्रतिनिधींच्या मोजणीत बूटजेज जरासे पुढे, माणसांच्या मोजणीत सँडर्स. म्हणजे दोघंही जिंकले म्हणायला मोकळे. सगळे उमेदवार काल रात्रीच पुढच्या मतदानासाठी न्यू हॅम्पशायरला निघून गेलेत, मांडव उठल्यासारखं शहर दिसतंय. टीव्हीवर म्हणतायत, १९७२ पासून देशात सगळ्यांत आधी मत द्यायचा मान आयोवाचा आहे, आता जाईल. माझी पहिलीच वेळ आणि हे! ऑफिसात एकजण भलतीच हळहळत होता. माझ्या मनात मात्र ती रात्रपाळीची नर्स मैत्रीण होती, जिला सोमवारी सात वाजता कुठेच उभं राहता येत नाही. यंदा बाहेर असलेल्यांसाठी पॅरिस, ग्लासगो, अगदी जॉर्जियातल्या तिबिलिसीलाही कॉकस भरवला म्हणे. तिबिलिसीला जमलं, आमच्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर नाही.

सकाळी आजी आल्या होत्या, रिकामा डबा द्यायला. ‘तू नसतीस तर!’ म्हणाल्या. मी चहा टाकला.

रात्री आईला फोन केला. सांगलीत सकाळ झालेली, पाठीमागे दूधवाल्याची घंटा. आमच्या घरी मतदानाच्या दिवशी बाबा सगळ्यांना बजावून सांगायचे, शिक्का कुठे मारायचा ते. आई मान डोलवायची. पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन यायची, बोटावरची शाई बघत घरी चालायची. आम्ही मुलं विचारायचो, आई, कुणाला दिलंस? पदर सावरत म्हणायची, ‘दिलं एकाला.’ बाबा गेले तोवर त्यांनाही कळलं नाही. मला तर अजून माहीत नाही.

मी तिला कालचं सगळं सांगितलं. फलक, खुर्च्या, माणसं मोजणं, आजी, तेहतीस. तिला उमेदवारांत काही रस नव्हता.

‘म्हणजे सगळ्यांच्या देखत उभं राहायचं?’

‘हो.’

‘जावईबापूंच्या पण?’

‘हो गं. ते समोरच बसले होते.’

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘असलं कसलं गं मत?’