उणे २२ चा हिशेब

समुद्रतळाच्या गाळातील कणांमधल्या पोकळ्यांत जे पाणी अडकून राहते, त्या छिद्रजलात विरघळलेल्या कार्बनचे समस्थानिक खोलीनुसार कसे बदलतात, याचे संगणकीय मॉडेल तयार करणे हे गोव्यातील आमच्या गटात माझ्याकडे आलेले काम आहे. बंगालच्या उपसागरातील कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून काढलेल्या कोअरवर (समुद्रतळातून उपसलेल्या गाळाच्या उभ्या नळकांड्यावर) हे मॉडेल चालवण्याआधी ते एखाद्या नीट अभ्यासलेल्या ठिकाणावर पारखून घ्यावे, असे ठरले. त्यासाठी आम्ही अमेरिकेतील ओरेगॉनच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या हायड्रेट रिज या समुद्रतळावरील उंचवट्यावरचे १२४४ क्रमांकाचे स्थळ निवडले. ओशन ड्रिलिंग प्रोग्रॅमच्या २०४ व्या मोहिमेत २००२ साली तेथे खोदकाम झाले आणि त्याची मोजमापे सर्वांसाठी खुली आहेत.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २८ मिलीमोल सल्फेट असते. १२४४ वर ते खाली खाली कमी होत नऊ मीटरच्या आसपास संपते आणि तेथेच त्याची खालून येणाऱ्या मिथेनशी गाठ पडते. या सीमेवर आर्किया (जीवाणूंसारखे पण वेगळ्या कुळातले एकपेशीय जीव) आणि सल्फेट वापरणारे जीवाणू एकमेकांना चिकटून राहतात आणि प्राणवायूशिवाय मिथेनचे बायकार्बोनेट करतात. अशा जोडवसाहती २००० साली हायड्रेट रिजच्याच गाळात प्रत्यक्ष दाखवल्या गेल्या. आमच्यातला वाद मात्र जीवाणूंबद्दल नव्हता, तर हे सल्फेट मुख्यतः मिथेनमुळे संपते की गाळातील सेंद्रिय पदार्थामुळे, याबद्दल होता. या सीमेवर विरघळलेल्या अकार्बनी कार्बनचे डेल्टा मूल्य (प्रमाण नमुन्याच्या तुलनेत जड कार्बन-१३ हजारी किती कमी-जास्त, याचे माप) उणे २२ प्रति सहस्रच्या जवळ असते आणि सागरी सेंद्रिय पदार्थाचे मूल्यही जवळपास तेवढेच असते.

आमच्या गटातील ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आलेख पाहताच सांगितले, "सल्फेट सेंद्रिय पदार्थानेच खाल्ले आहे. मिथेन उणे सत्तरच्या आसपासचा. त्याचा हात असता तर आकडा इतका वर थांबला असता का?" त्यांच्याकडे दुसरा पुरावाही होता. सल्फेटच्या एका रेणूमागे सेंद्रिय पदार्थातून कार्बनचे दोन अणू सुटतात, मिथेनमधून मात्र एकच, आणि सीमेच्या वर आलेख दोनाच्या बाजूला झुकत होता. मॉडेलही त्यांच्याच बाजूने बोलले. मॉडेलच्या तळाची सीमा खालून येणाऱ्या अकार्बनी कार्बनसाठी बंद ठेवून केवळ मिथेनचे ऑक्सिडीकरण चालू केले, तर कार्बनचे मूल्य उणे साठच्याही खाली गेले.

प्रथम शंका आली ती गणिताच्या अचूकतेची. आम्ही कार्बन-१२ आणि कार्बन-१३ ही दोन स्वतंत्र द्रव्ये मानून दोघांची विसरणाची समीकरणे सोडवतो. दोहोंचे प्रमाण ०.०११ च्या आसपास असल्यामुळे एक प्रति सहस्रचा फरक त्या प्रमाणात दशांशचिन्हानंतरच्या पाचव्या स्थानी दिसतो, म्हणून ढिलाईने सोडवलेले समीकरण डोळ्यांना ठीक दिसले तरी समस्थानिकांच्या आलेखात उघडे पडते. (सीमेच्या वर मिथेन शून्याकडे जातो, तेथे दोन नगण्य संख्यांच्या भागाकारातून विलक्षण सुळके निघतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला नवख्याला शिकवावे लागते.) अचूकता वाढवूनही उत्तर बदलले नाही. मिथेनच्या ऑक्सिडीकरणातील समस्थानिक-भेदाचा गुणांक (हलका अणू जड अणूपेक्षा किती आधी वापरला जातो, याचे माप) बदलूनही काही साधले नाही, कारण सीमेवर येणारा मिथेन जवळजवळ पूर्ण वापरला जातो आणि मग मधल्या टप्प्यावर कोणता अणू आधी गेला याने अंतिम बेरीज बदलत नाही.

नंतर मी सीमेच्या खालचा आलेख निरखून पाहिला. तेथे अकार्बनी कार्बन खोलीनुसार वाढतच जात होता. विरघळलेले द्रव्य जास्त संहतीकडून कमी संहतीकडे सरकते, या फिकच्या नियमाप्रमाणे त्याचा अर्थ एकच होतो, तो म्हणजे हा कार्बन खालून वर सीमेकडे येत आहे. संहती आणि डेल्टा यांचा गुणाकार संहतीसमोर मांडला, तेव्हा त्या रेषेच्या उतारावरून हा खालून येणारा कार्बन जड, म्हणजे अधिक बाजूचा असल्याचे दिसले. हे अपेक्षितच आहे, कारण खोलवर सेंद्रिय पदार्थाच्या विघटनातून अर्धा कार्बन मिथेनमध्ये आणि अर्धा कार्बन डायऑक्साइडमध्ये जातो. मूळ पदार्थ उणे २२ चा आणि मिथेन उणे ७० चा असेल, तर उरलेला अर्धा अधिक २६ चा असलाच पाहिजे.

हे दोन्ही अर्धे भाग वेगवेगळ्या मार्गांनी वर येऊन त्याच सीमेवर पुन्हा भेटतात आणि त्यांची सरासरी पुन्हा उणे २२ होते! शिवाय मिथेनच्या प्रत्येक रेणूसोबत खालून आणखी एक कार्बन आल्यामुळे सल्फेटच्या एका रेणूमागे दोन कार्बन, हे प्रमाणही आपोआप तयार होते. वाटणी व्यवहारात इतकी समसमान नसते. काही कार्बन गाळाबरोबर पुरला जातो, काही कार्बोनेट खनिजांत अडकतो, आणि कॅल्शियम व मॅग्नेशियमची घट मोजून तो पुन्हा हिशेबात धरावा लागतो. तरीही माझ्या मते ज्या दोन पुराव्यांवर सहकाऱ्यांची भिस्त होती, ते दोन्ही या प्रश्नात साक्ष देण्यास असमर्थ ठरतात. तळाची सीमा उघडून खालचा प्रवाह आत घेतल्यावर मॉडेलची रेषा मोजमापांच्या जवळ आली.

निर्णायक ठरतो तो सल्फेटच्या रेषेचा आकार. सेंद्रिय पदार्थ वाटेत सर्वत्र सल्फेट खात असेल, तर ती रेषा वाकते. सगळा वापर सीमेवरच्या अरुंद पट्ट्यात होत असेल, तर ती जवळजवळ सरळ राहते. १२४४ ची रेषा बरीचशी सरळ आहे.

कृष्णा-गोदावरीच्या ज्या कोअरसाठी हा सारा खटाटोप होता, त्याची रेषा मात्र वरच्या भागात स्पष्ट वाकलेली आहे. त्यामुळे तेथे दोन्ही प्रक्रियांना वाटा द्यावा लागला आणि सहकाऱ्यांचे म्हणणे अंशतः खरे ठरले. कोअर वर येताना दाब उतरतो आणि मिथेन निसटतो, त्यामुळे मिथेनचा प्रवाह सरळ मोजता येत नाही. तो सीमेलगतच्या सल्फेटच्या उतारावरून काढला. त्यावर सहकाऱ्यांनी घेतलेला आक्षेप अजून उभा आहे: मॉडेल स्थिर अवस्था गृहीत धरते, पण अलीकडच्या काळात मिथेनचा प्रवाह बदलून सीमा सरकली असेल, तर वाकलेल्या रेषेचे कारण सेंद्रिय पदार्थ नसून तो बदलही असू शकतो. म्हणून आता समीकरणात काळाचे पद घालून तोच कोअर पुन्हा चालवायला घेतला आहे.