भिंगरीची वही, नोंद १४: ९३ टक्क्यांचा फुगा फुटला

मागच्या नोंदीत मी माझ्या भिंगरी नावाच्या बीगल कुत्रीबद्दल "३० पैकी २८, म्हणजे ९३ टक्के रिकॉल" (म्हणजे हाक किंवा शिट्टी ऐकून परत येणं) असं ऐटीत लिहिलं होतं आणि तुमच्यापैकी काहींनी शाबासकीही दिली होती. ती परत घ्या. मध्यंतरी एका शनिवारी भिंगरी ४२ मिनिटं बेपत्ता होती.

नेहमीचाच माळ, पहाटेचं दव, वारा जवळपास नाही. अशा हवेत वास जमिनीलगत धरून राहतो हे मला पाठ आहे, तरी नेमकी त्याच दिवशी मी १५ मीटरची लाइन (कुत्र्यामागे घसटणारी लांब दोरी) काढून टाकली आणि हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) फक्त वीतभर टॅब, म्हणजे धरायला तुकडा, ठेवला. का? तर ९३ टक्के! पहिली दहा मिनिटं ती शहाण्यासारखी माझ्याभोवती फिरत होती, दोनदा स्वतःहून येऊन चेक-इन करून गेली. मग एका झुडपाशी मान खाली गेली, शेपूट चार-पाच वेळा जोरात हलली आणि ताठ झाली. मी शिट्टी वाजवली. पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदाही वाजवली (हो, माहीत आहे, पुन्हापुन्हा नसते वाजवायची). तोवर तिने तो लांबलचक हेल (मागावरची आरोळी) काढला होता आणि ती उताराखाली दिसेनाशी झाली होती. ससा मला दिसलाच नाही. तिलाही दिसला नसावा, तिला त्याची गरज नसते.

जीपीएस पट्ट्याने काय दिवे लावले तेही सांगतो. माझा पट्टा मोबाइल नेटवर्कवर चालतो. उताराखालच्या खोलगटात नेटवर्क नाही, त्यामुळे नऊ मिनिटं नकाशावर भिंगरी माझ्या पायाशी उभी होती. नाव घेत नाही, कारण या जातीचे सगळे पट्टे इथेच मार खातात. रेडिओवाल्यांना टॉवर लागत नाही, पट्टा थेट हातातल्या यंत्राशी बोलतो, पण बीगलच्या गळ्यात तो पट्टा बांधणं म्हणजे वीट बांधल्यासारखं. आणि ज्यांनी ब्लूटूथचा टॅग सुचवला होता त्यांना प्रेमाने सांगतो: तो टॅग आसपासच्या लोकांच्या फोनवर जगतो. ओसाड माळावर तो शोभेचा बिल्ला.

मी २५ मिनिटं आवाजामागे धावलो, मग आवाजही गेला आणि नुसताच भटकलो. ताई मात्र भिंगरी निसटली तिथेच पिशवी घेऊन बसून राहिली. भिंगरी आली ती तिच्याकडे. कानात कुसळं, पोटाला चिखल, चेहऱ्यावर अपराधीपणाचा मागमूस नाही. मी त्यानंतर पंधरा मिनिटांनी धापा टाकत पोचलो तर ताई म्हणते, "ती केव्हाच आली. आम्ही दोघी तुझीच वाट बघतोय."

नेटवर्क आल्यावर पट्ट्याने साठवलेला माग उतरला. तो बघून मी गप्प झालो. जाताना आणि येताना जवळजवळ एकच रेघ. ती स्वतःच्याच वासावरून उलटी चालत आली होती, आणि मी त्या रेघेपासून चांगला चारशे मीटर लांब गळा फाडत होतो. चेक संशोधकांचं २०२० मधलं एक काम तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. त्यांनी २७ शिकारी कुत्र्यांना जीपीएस पट्टे आणि कॅमेरे लावून जंगलात मोकळं सोडलं आणि ती मालकाकडे परत कशी येतात ते पाहिलं. काही आल्या वाटेनेच परतली, काही नव्याच वाटेने. नव्या वाटेने येणाऱ्यांपैकी बहुतेक कुत्री आधी सुमारे २० मीटर उत्तर-दक्षिण दिशेत धावून घेत होती, जणू होकायंत्र जुळवत होती.

हे आठवल्यावर मी भिंगरीच्या जुन्या नोंदी उपसल्या. लहानमोठ्या ११ पळापळींपैकी आठ वेळा ती आल्या वाटेने परतली, तीन वेळा वेगळ्या. त्या तिन्हींत उत्तर-दक्षिण धाव शोधायचा मोह झाला, पण माझा पट्टा तीन सेकंदांनी एक ठिपका टाकतो. तेवढ्यात धावती बीगल वीसेक मीटर सहज जाते, म्हणजे ती अख्खी धाव दोन ठिपक्यांच्या मधेच बुडणार. असो. नियम मात्र आजपासून पक्का: कुत्री सुटली तर एकाने सुटलेल्या जागेवरून हलायचं नाही. एकटा असलो तर जॅकेट तिथेच टाकून जायचं.

आता मूळ दुखणं. २८/३० खोटं नव्हतं, मग शनिवारी काय झालं?

वहीतले ते ३० रिकॉल मी एकेक करून पुन्हा वाचले. सुदैवाने ताईने बहुतेकांचे व्हिडिओ घेतलेत. हाक मारली तेव्हा भिंगरीचं नाक कुठे होतं, एवढीच नवी खूण करत गेलो. नाक वर, इकडेतिकडे बघतेय, माझ्याकडे बघतेय, नुसती दुडकतेय: २६. नाक खाली, मागावर: ४. चुकलेल्या दोन्ही हाका त्या चारातल्या! म्हणजे सोप्या वेळी २६ पैकी २६ आणि खऱ्या वेळी चारपैकी दोन, नाणेफेक. गंमत अशी की मी मुद्दाम काही लपवलं नव्हतं. ती येईल असं वाटायचं तेव्हाच माझा हात शिट्टीकडे जायचा. नऊ महिने मी तिची परीक्षा घेतोय असं समजत होतो आणि मोजत होतो स्वतःचा अंदाज.

तुमच्याही वह्या याच नजरेने एकदा चाळा, विशेषतः शिबा आणि हस्की जातीची कुत्री पाळणारे.

माझं जुनं म्हणणं होतं की नाक चालू झालं की कान बंद होतात. तेही ताईने मोडीत काढलं. व्हिडिओ मंद करून दाखवत म्हणाली, "हे बघ, तू शिट्टी वाजवलीस की तिचा डावा कान मागे येतो. प्रत्येक वेळी. ऐकू येतंय तिला सगळं." खरंच येत होता. कान मुळापाशी जेमतेम बोटभर मागे सरकतो, आणि नाक तसंच खाली. ऐकलं, तोललं, नाकारलं.

आणि यात मठ्ठपणा कुठे आहे? १९९४ मधली कुत्र्यांच्या जातींच्या हुशारीची ती ७९ क्रमांकांची यादी कुणीतरी दर वेळी तोंडावर मारतं, ज्यात बॉर्डर कोली पहिला, अफगाण हाउंड शेवटचा आणि बीगल तळाच्या घोळक्यात. ती यादी ऑबीडियन्स (आज्ञापालन) स्पर्धांच्या परीक्षकांच्या मतांवरून केलेली आहे, म्हणजे त्यात मोजलाय तो आज्ञाधारकपणा. बीगल घडवला गेला तो माणसाच्या पुढे राहून नाकाने निर्णय घ्यायला. माणसाने मागून यायचं. प्रत्येक वळणावर "जाऊ का?" म्हणून मागे बघणारा हाउंड शिकाऱ्याच्या काय कामाचा? स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढणारा म्होरक्या कुत्रा पातळ बर्फावर जायचा हुकूम धुडकावतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. भिंगरीने शिट्टी धुडकावली की ती हट्टी!

तर मग नाकारण्याआधीचा क्षण सापडतो का, हे पाहायचं ठरवलं. सशाच्या पिंजऱ्यात दोन रात्री ठेवलेलं फडकं दोरीला बांधून गवतातून ओढत नेलं आणि अर्ध्या तासाने भिंगरीला लाइनवर त्या मागाला लावलं. लाइन अर्थात बायोथेनची (प्लास्टिकचा लेप दिलेल्या पट्टीची). सुती दोरीने माझ्या तळहाताची सालं काढली होती ती नोंद ३ मध्ये आहेच. बायोथेन पाणी पीत नाही, गवतात गुंतत नाही, पुसली की स्वच्छ. फक्त टोकाची हातात धरायची कडी कापून टाका, घसटत जाणाऱ्या लाइनची कडीच खुंटात अडकते. आणि हुक हार्नेसच्या पाठीवरच, गळपट्ट्याला कधीही नाही. १५ मीटरवरून धावत आलेल्या कुत्र्याच्या मानेला बसणारा हिसका फार वाईट.

२६ फेऱ्यांत एक गोष्ट डोळ्यांत भरली. मान खाली गेल्यापासून शेपूट ताठ होईपर्यंत तीन-चार सेकंद जातात. त्या वेळात शेपूट झाडूसारखी भराभर हलत असते. तेव्हा वाजवलेल्या १५ शिट्ट्यांपैकी १४ वर ती आली. शेपूट ताठ झाल्यावरच्या ११ पैकी ३ वर. हाकेचा मोठेपणा, माझा सूर, खिशातला खाऊ, कशानेही फरक नाही. एकदा तर उकडलेल्या कलेजीचा तुकडा तोंडासमोर धरला. तिने तो घेतला, क्षणभर दातांत धरला आणि मागाकडे बघत अलगद खाली सोडला. आतापर्यंत कलेजी ही आमच्याकडची सगळ्यात मोठी नोट होती.

तिथे डोक्यात प्रकाश पडला. प्रीमॅकचं तत्त्व आपण सगळे तोंडपाठ म्हणतो: जे करायची ओढ जास्त, तेच कमी ओढीच्या कामाचं बक्षीस करा. नोंद ७ मध्ये मीच त्यावर लांबलचक पाल्हाळ लावलंय. आणि प्रत्यक्षात? ती मागावरून उठून आली की मी कलेजी द्यायचो आणि लाइन आवळून दुसरीकडे न्यायचो. म्हणजे आल्याची शिक्षा. "ये" हा शब्द मी असाच नासवला होता (रोज "ये" म्हटलं की घरी), आणि आता शिट्टीलाही त्याच वाटेला लावत होतो.

म्हणून उलटं केलं. शिट्टी, ती आली, हार्नेसला हात लावला, एक-दोन मोजलं, आणि "शोध!" म्हणून त्याच मागावर परत सोडलं. पहिल्या वेळी ती दोन पावलं गेली आणि वळून माझ्याकडे पाहिलं, काहीतरी गडबड आहे अशा चेहऱ्याने. दहा दिवस रोज दोन-तीन फेऱ्या, कलेजी पूर्ण बंद. शेवटच्या तीन दिवसांत ताठ शेपटीवर १२ शिट्ट्या वाजवल्या, ७ वेळा आली.

त्यातली अकरावी जन्मभर लक्षात राहील. माग ताजा, शेपूट बाणासारखी, हेल सुरू झालेला. "आऊऊ..." आणि मधेच शिट्टी. आवाज अर्ध्यावर तुटला, गिळल्यासारखा. कान मागे आला. मी श्वास धरून उभा. एक, दोन... आणि ती वळली! पंधरा मीटर धावत येऊन हार्नेस माझ्या हातात खुपसला, नजर मात्र मागावरच. "शोध!" म्हटल्यावर अर्धा राहिलेला हेल तिने पुढे पूर्ण केला.

बारापैकी सात म्हणजे पट्टा सोडायची परवानगी नाही, हे मलाही कळतं. सध्या भिंगरी मोकळी फक्त कुंपणात. माळावर लाइन घसटतीच राहणार, आणि दवाच्या पहाटे लाइन हातातच. वारा बघायला पावडरची छोटी डबी खिशात ठेवतो, दाबली की पांढरा धूर कुठे जातो ते दिसतं. ती वाऱ्याकडे तोंड करून चालत असली की माझं लक्ष दुप्पट.

शॉकच्या पट्ट्याबद्दल तिघांनी विचारलंय. नाही. वेल्समध्ये २०१० पासून त्यावर बंदी आहे, पण माझं कारण साधं आहे: झटका बसेल त्या क्षणी तिच्या डोळ्यांसमोर जे असेल, त्याच्याशी ती दुखणं जोडणार. ससा असेल, सायकल असेल, एखादं मूल असेल. तो जुगार मला नको. शिट्टी मात्र अ‍ॅक्मीची २११ १/२ च ठेवा. तिचा सूर ठरलेला असतो, हरवली तरी नवी तशीच वाजते आणि घरात कुणीही वाजवली तरी कुत्र्याला एकच ऐकू येते. माझा घाबरलेला आवाज आणि ताईचा शांत आवाज यांत जे अंतर पडतं, ते शिट्टीत जवळपास पडत नाही.

पुढचा बेत होता ताठ शेपटीवरच्या शंभर शिट्ट्या. पण हे लिहिता लिहिताच एक अडचण जाणवली: हे सगळं शेपूट दिसली तर. शनिवारी झुडपामागे ती गेली असती तर मला तीन-चार सेकंदांचा पत्ताच लागला नसता. पॉइंटर जातीच्या कुत्र्यांना शिकारी घंटा बांधतात, घंटा थांबली की कुत्रा पक्ष्यावर थबकलाय असं समजतं. बीगल थबकत नाही, पण शेपूट झाडूसारखी हलते तेव्हा तिचा मागचा भाग अख्खा डुलतो. हार्नेसच्या मागच्या कडीला हलकी घंटा लावली तर भराभर किणकिण म्हणजे "आत्ता वाजव", आणि किणकिण मंदावली म्हणजे उशीर झाला, असं कानांनी कळेल का? शंभर शिट्ट्या थांबवतो, आधी हे.

नोंद अर्धी सोडून घंटा शिवूनही आलो. भिंगरी आवाजाचा मालक शोधत स्वतःभोवती सात-आठ गिरक्या मारून (नाव सार्थ केलं) मधोमध बसली आहे. उठली की वाजते, म्हणून उठत नाही. वीस मिनिटं झाली. ताई म्हणते, "झालं की रे, आता पट्टा सोडलास तरी कुठे जायची नाही."