श्रीनगरचा वसंत: ट्यूलिपच्या अलीकडे आणि पलीकडे

काश्मीरच्या बहुतेक मराठी सहलींत श्रीनगरच्या वाट्याला काय येतं? उतरल्याची संध्याकाळ आणि निघायच्या आधीची दुपार. मधले सगळे दिवस गुलमर्ग, पहलगाम, सोनमर्गला. मे महिन्यात हे एक वेळ चालून जाईल. पण मार्चअखेर ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जाणार असाल, तर उलटं करा. मुक्काम श्रीनगरातच ठेवा आणि बाहेरगावाला एखादा दिवस द्या. या दिवसांत वर डोंगरात अजून बर्फ आणि चिखल असतो, झाडं उघडी असतात. वसंत खाली, दल सरोवराच्या काठाला आलेला असतो.

आम्ही 2025 च्या गुढीपाडव्याला तिथे होतो. मी, नवरा आणि माझी आत्या. आत्याची वयाची सत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, त्यामुळे बर्फात घोड्यावर बसणं वगैरे आधीच बाद झालं होतं. त्या वर्षी पाडवा 30 मार्चला आणि दुसऱ्याच दिवशी रमजान ईद. ट्यूलिप बाग 26 मार्चला उघडलेली. तारखा जुळवून काढल्या नव्हत्या, जुळून आल्या.

आधी फुलांचं वेळापत्रक सांगते, कारण तिकीट काढण्याआधी तेच लागतं. सगळ्यात पहिला फुलतो बदाम, साधारण मार्चच्या मध्यावर. मग जर्दाळू, पीच, आणि रस्त्याकडेला पानांआधीच पिवळ्याधमक फुलांनी भरणारी फोर्सिथियाची झुडपं. मार्चच्या शेवटी डॅफोडिल, नर्गिस, हायसिंथ आणि लवकर फुलणारे ट्यूलिप. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ट्यूलिप ऐन भरात येतात, शहराबाहेर मोहरीची शेतं पिवळी होतात. त्यानंतर सफरचंदाचा मोहोर. एप्रिल सरता सरता जांभळे आयरिस येतात, ते बागांपेक्षा जुन्या कबरस्तानांतच जास्त दिसतात. मे उजाडला की गुलाब. दलमधली कमळं बघायची असतील तर मात्र जुलै-ऑगस्टशिवाय इलाज नाही. एप्रिलमध्ये शिकारावाल्याला कमळं कुठायत विचारून उपयोग नाही. आणि केशराची फुलं ऑक्टोबरअखेर, पांपोरला.

म्हणजे सगळं एकदम कधीच दिसत नाही. फक्त ट्यूलिप हवे असतील तर 5 ते 15 एप्रिल धरा. बदामाचा शेवट आणि ट्यूलिपची सुरुवात दोन्ही गाठायचं असेल तर आमच्यासारखं मार्चअखेर. मला दुसरा पर्याय आवडला. पण बागेचे सगळे वाफे एकाच वेळी फुललेले, असा फोटो हवा असणाऱ्यांनी माझं ऐकू नये.

पाडव्याच्या सकाळी बदामवारीला गेलो. हरिपर्वताच्या पायथ्याशी, जुन्या शहराला लागून ही बदामांची बाग आहे. बराच काळ दुर्लक्षित होती, 2008 मध्ये नव्याने उभी करून उघडली. बहर ओसरत आला होता. झाडांवर निम्मी फुलं, निम्मी गवतावर. बदामाचं फूल लांबून पांढरं दिसतं. फांदी जवळ घेतली की देठापाशी गडद गुलाबी डाग दिसतो, आणि पाच पाकळ्यांमधून केसरांचा झुपका बाहेर आलेला. मधमाश्यांचा आवाज इतका होता की आत्याने कानटोपी काढून ऐकला. वर डोंगरावर शारिका देवीचं देऊळ आहे. काश्मिरी पंडितांचं नववर्ष, नवरेह, चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच असतं, त्यामुळे नटूनथटून त्या बाजूला निघालेली काही कुटुंबं वाटेत भेटली. एका आजींनी आत्याला थांबवून सांगितलं की त्यांच्याकडे आदल्या रात्री ताट भरून ठेवतात आणि पहाटे डोळे उघडल्यावर पहिल्यांदा तेच बघतात: तांदूळ, अक्रोड, दही, मीठ, आरसा, लेखणी, नवं पंचांग, फुलं. आत्याने गुढीचं सांगितलं. दोघींचं हिंदी यथातथाच, पण साखरेच्या गाठीपर्यंत गाडी व्यवस्थित पोचली.

बदामवारीला रिक्षाने जा. मोठी गाडी गल्ल्यांत अडकते.

आता ट्यूलिप. इंदिरा गांधी स्मृती ट्यूलिप उद्यान हे झबरवान डोंगराच्या पायथ्याशी आहे. जुनं नाव सिराज बाग. पूर्वी काश्मीरचा पर्यटन हंगाम मेमध्ये सुरू व्हायचा. तो अलीकडे ओढावा म्हणून 2007 मध्ये ही बाग उभी केली, आणि ती युक्ती पुरेपूर चालली, हे मार्चमधल्या हॉटेलांच्या दरांवरून कळतं. 30 हेक्टर उतार, पायऱ्यापायऱ्यांनी खाली येणारा, त्यावर पंधरा लाखांहून जास्त कंद. बाग एका दमात फुलून संपू नये म्हणून लवकर, मध्यात आणि उशिरा फुलणाऱ्या जाती मिसळून लावलेल्या असतात. हंगाम संपला की कंद उकरून साठवतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर पुन्हा लावतात. महिनाभराच्या फुलांसाठी वर्षभर राबणं चालू असतं.

आम्ही गेलो तेव्हा खालच्या बाजूचे वाफे फुललेले, वरचे बरेचसे हिरव्या कळ्यांचे. पण हायसिंथ ऐन भरात होते आणि त्यांचा वास पायवाटेवर तरंगत होता. ट्यूलिपला बहुधा वास नसतो, हे मला तिथेच ध्यानात आलं. दुसरी गोष्ट, ट्यूलिप उन्हाबरोबर उघडतो. सकाळी फुलं कपासारखी मिटलेली, टवटवीत असतात. दुपारी उन्हात ती पार उघडतात आणि पाकळ्या कडेला पडतात. फोटो काढायचे असतील तर बाग उघडताच आत शिरा. अकरानंतर सहलींच्या बस येतात आणि मग फुलांपेक्षा सेल्फीचे हात जास्त दिसतात. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. रविवार टाळा, आणि ईदचा दिवस तर टाळाच. ईदला अख्खं श्रीनगर सहकुटुंब बागांत येतं. बघायला ते सुंदर असतं, नवे कपडे घातलेली पोरं, हातात आइस्क्रीम. पण चालायला जागा राहत नाही.

ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी: आत बरंच चालणं आहे, चढ सौम्य असला तरी लांब. आत्याने मधल्या कारंज्यांपाशी बैठक मारली आणि वरपर्यंत गेलीच नाही. तिचं काही बिघडलं नाही.

चष्मेशाही, परीमहल आणि बोटॅनिकल गार्डन इथून हाकेच्या अंतरावर, एकाच फेरीत होतात. त्या रस्त्यावर तपासणी असते, ओळखपत्र जवळ असू द्या. वेळ कमी असेल तर परीमहल निवडा. शाहजहानचा मुलगा दारा शुकोह याने बांधलेल्या या वास्तूच्या गच्च्यांवरून खालचं दल आणि ट्यूलिपचे पट्टे दोन्ही दिसतात. शालिमार (1619) आणि निशात (1633) या दोन्ही मुघल बागा बहुतेकजण एका दुपारी उरकतात. मार्चअखेर तिथल्या चिनारांना पान नसतं, त्यामुळे कॅलेंडरवरची शालिमार दिसत नाही. निशात त्यातल्या त्यात बरी, कारण तिचे बारा टप्पे थेट सरोवरासमोर उतरतात. शंकराचार्य टेकडीवर गाडी पोचते तिथून पुढे सुमारे अडीचशे पायऱ्या आहेत, वर मोबाइल-कॅमेरा नेऊ देत नाहीत. आत्या खाली गाडीतच बसली.

या सगळ्यापेक्षा मला जास्त आवडला तो पहाटेचा भाजीबाजार. दलच्या आतल्या पाण्यात, पाच ते सातच्या दरम्यान, तरंगत्या शेतांचे मालक आपल्या होड्या घेऊन येतात आणि शहरातले भाजीवाले ती भाजी घाऊक घेतात. ऊन वर यायच्या आत सगळं संपतं. हाऊसबोटीच्या मालकाला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलं की पहाटे शिकारा दारात येतो. थंडी कडक असते. शिकाऱ्यात ब्लँकेट देतात, तरी हातमोजे न्याच. त्या होड्यांना शिकाऱ्यासारखं छत नसतं. माणूस टोकाला उकिडवा बसतो आणि पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या वल्ह्याने होडी दुसऱ्या होडीच्या अंगाला अलगद लावतो. हाक या काश्मिरी पालेभाजीच्या जुड्या, पालक, मुळे, सलगम, चिखलाने माखलेले नदरूचे, म्हणजे कमळकाकडीचे भारे. तराजू होडीतच. भाव इतक्या खालच्या आवाजात ठरतात की भांडण चाललंय की सौदा, कळत नाही. त्यात एक नर्गिसच्या गुच्छांनी भरलेली होडी, आणि त्याच होडीत फुलांच्या बियांची पाकिटं. तो फुलवाला पर्यटकांसाठीच असतो हे उघड आहे. नवऱ्याने तरी पाकीट घेतलं. ते पुण्यात उगवणार नाही हे मी तेव्हाच सांगितलं होतं.

शिकाऱ्याच्या पैशांविषयी. घाटांवर सरकारी दरांचे फलक असतात, आधी ते वाचा आणि मग तासाच्या हिशेबाने बोला. मुख्य पाण्यात विक्रेत्यांच्या होड्या अंगाला येऊन लागतात: केशर, शाली, दागिने, काश्मिरी पोशाखातले फोटो, कहवा म्हणजे काश्मिरी चहा. ‘ताई, कसं काय, बघायचे पैसे नाहीत’ असं स्वच्छ मराठीत ऐकू येतं, त्याने विरघळू नका. कहवा तेवढा घ्या. केशर होडीवर कधीच घेऊ नका. काश्मिरी केशराला 2020 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ती खूण बघून दुकानातून घ्या. कोमट पाण्यात टाकल्यावर खरं केशर रंग हळूहळू सोडतं, पाणी सोनेरी होतं आणि काडी लालच राहते. लगेच लाल पाणी झालं तर समजून जा.

राहायचं कुठे? दलकाठच्या बुलेव्हार्ड रस्त्यासमोरच्या हाऊसबोटी सोयीच्या, पण रात्री गाड्यांचा आवाज येतो. निगीन सरोवर शांत आहे. तिथून प्रत्येक ठिकाणी जायला मात्र वेळ जातो. दोन रात्री हाऊसबोट आणि बाकी काठावरचं हॉटेल, असा मेळ घाला. हाऊसबोटीत चढताना होडीतून पाय टाकावा लागतो, गुडघेदुखीवाल्यांनी जेट्टीला लागून असलेली बोट मागून घ्यावी. गरम पाणी आणि विजेचं ब्लँकेट आहे का, हे बुकिंगआधी विचारा.

शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही. दुर्गानागजवळच्या कृष्णा ढाब्यावर राजमा-भातासाठी रांग असते, ती लावण्याजोगी आहे. नदरू यखनी, म्हणजे दह्यातली कमळकाकडी, एकदा तरी खा. मांसाहारी असाल तर रिस्ता आणि गुश्ताबा, म्हणजे मटणाच्या गोळ्यांचे रस्से, आहेतच. गिरदा ही तंदूरची रोटी सकाळी कांदरच्या, म्हणजे रोटीवाल्याच्या, दुकानातून गरम घ्यायची. ईदच्या आदल्या दिवशी बेकऱ्यांसमोर इतकी गर्दी होती की आम्हाला बिस्किटांसाठी दुसरी गल्ली गाठावी लागली. रमजान असेल तर दिवसा छोटी खानावळं बंद असतात आणि ईदच्या दिवशी जुन्या शहरातली बहुतेक दुकानंही, हे धरून चला. ईद सरल्यावर हजरतबल दर्ग्याबाहेर कढईतून निघणारे नदरूचे भजे खाल्ले. आत्याने त्याला खेकडा भजीच्या बरोबरीचं ठरवलं, हे तिच्याकडून फार झालं.

हवामानाबद्दल दोन शब्द. मार्च-एप्रिल हे तिथले पावसाचे महिने. सकाळी लख्ख ऊन आणि चारला धो धो असं सहज होतं. जाड कोट एक नेण्यापेक्षा थर चढवता-उतरवता येतील असे कपडे न्या आणि छत्री प्रत्येकाची वेगळी.

बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं तिथे चालत नाहीत, पोस्टपेडच लागतं. घरातल्या निदान एका फोनचं निघण्याआधी बदलून घ्या.

आता जो प्रश्न सगळे विचारतात. आम्ही परतल्यावर, 22 एप्रिल 2025 ला, पहलगामजवळ बैसरनमध्ये 26 जणांचा जीव गेला; त्यात डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे सहाजण होते. त्यानंतर अनेक पर्यटनस्थळं बंद झाली आणि टप्प्याटप्प्याने उघडू लागली. जा किंवा जाऊ नका, हे मी कुणाला सांगणार नाही. जायचं ठरवलंत तर कुठलं ठिकाण उघडं आहे याची खात्री निघण्याच्या आठवड्यात करा, रद्द करता येणारं बुकिंगच घ्या, आणि बंद जागी ‘आतून नेतो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर मुंबईहून श्रीनगरला थेट विमान मिळतं. जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारतही सुरू झाली आहे, साधारण तीन तासांची, चिनाब नदीवरच्या 359 मीटर उंच पुलावरून जाणारी. वांद्र्याहून स्वराज एक्स्प्रेस थेट कटऱ्याला जाते. तिथे गाडी बदलायची. श्रीनगरचं स्टेशन नौगामला आहे, दलपासून लांब, तेव्हा टॅक्सीचा वेळ धरा.

विमानाने परतणार असाल तर विमानतळावर तीन तास आधी पोचा. टर्मिनलच्या बरंच अलीकडे सगळं सामान उतरवून तपासतात, मग आत पुन्हा. आमच्या पुढे एका काकांची लाकडी कोरीव पेटी उघडून बघण्यातच वीस मिनिटं गेली. पॉवर बँक आणि बॅटऱ्या मोठ्या बॅगेत टाकू नका. आणि बियांची पाकिटं वरच ठेवा, विचारलं तर दाखवता येतात.